‘हाडांची झीज’ आहे असं बाबांना किती दिवस सांगणार?

डॉक्टरताई,

आम्ही कळव्याला राहतो. बाबा ७१ वर्षांचे आहेत, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ३१ वर्षं वेल्डर होते. गेल्या दिवाळीपासून त्यांची कंबर दुखत होती. लघवीचा कसलाही त्रास नव्हता. बाम, शेक, पट्टा सगळं झालं. मे महिन्यात रात्रीची झोप उडाली तेव्हा तपासण्या केल्या. पीएसए, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी, २१२ आला, म्हणजे फारच जास्त. मग सुईने प्रोस्टेटचा तुकडा काढला, मग बोन स्कॅन. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, आणि मणके, कमरेचं हाड आणि बरगड्यांवर त्याचे डाग आहेत. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन आणि रोज अबिराटेरोन या कॅन्सरवरच्या औषधाच्या गोळ्या चालू आहेत. दुखणं खूप कमी झालंय.

बाबांना आम्ही ‘हाडांची झीज’ एवढंच सांगितलंय. दादा म्हणतो, कॅन्सर म्हटलं की ते खचतील. पण बरं वाटतंय म्हणून परवा त्यांनी भरलेला सिलिंडर दारातून उचलून स्वयंपाकघरात नेला. दादाला कुणीतरी मेसेज पाठवलाय की कॅल्शियम आणि दूध म्हणजे हाडातल्या कॅन्सरला खत, म्हणून त्याने कॅल्शियमच्या गोळ्या बंद करायला लावल्यात. आईला वाटतं, सुई लावली म्हणून पसरला. त्यात रुग्णालयातून विचारणा झाली आहे की प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात कसा जातो यावर अभ्यास चालू आहे, त्यासाठी थोडं जादा रक्त आणि तपासून उरलेला तुकडा द्याल का. दादा म्हणतो, बाबा काय प्रयोगाचा उंदीर आहेत? मला मात्र हे समजून घ्यायचंय. त्रास कमरेखाली नव्हताच, मग थेट मणक्यात कसा गेला? आणि बाबांशी मी काय बोलू?

– एक मुलगी, कळवा

प्रिय कळव्याच्या लेकी,

सगळ्यात आधी सिलिंडर. तो पुन्हा उचलू द्यायचा नाही, आणि हे आजच सांगायचं. भरलेला सिलिंडर जवळपास तीस किलोचा असतो. वाकून, कंबरेत पिळा घेऊन एवढं वजन उचलणं हे डाग असलेल्या मणक्याला झेपणारं नाही. दुखणं कमी झालं ते औषधाने. हाड अजून भरून आलेलं नाही, त्याला कित्येक महिने लागतात. चालणं मात्र बंद करू नका. रोज सकाळी त्यांना सपाट रस्त्यावर चालू द्या. अंथरुणाला खिळवून ठेवलं तर स्नायू जातात आणि माणूस पडतो.

आता बघा, बाबांनी सिलिंडर का उचलला? कारण त्यांना कुणी खरं सांगितलं नाही. ‘झीज’ तर त्यांच्या वयाच्या प्रत्येक मित्राला आहे आणि ते सगळे सिलिंडर उचलतात. तुमच्या पत्रातले बाकीचे सगळे प्रश्न मला याच एका गाठीला बांधलेले दिसतात. म्हणून आधी हाडात काय चाललंय ते तुम्हाला नीट सांगते. ते समजलं की बाबांना काय सांगायचं ते तुमचं तुम्हालाच सापडेल.

मी आयुष्यभर पॅथॉलॉजीत काम केलं. मणक्यातून काढलेला तुकडा काचेवर पाहिला की हाडाच्या जाळीत प्रोस्टेटच्या पेशी दिसतात, आणि त्या ओळखू येतात. त्या हाडाच्या झालेल्या नसतात. म्हणून बाबांना ‘हाडाचा कॅन्सर’ नाही. त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि तो हाडात राहायला गेला आहे. हा शब्दांचा खेळ नाही. हाडाच्या मूळ कॅन्सरची औषधं वेगळी असतात. बाबांना मिळतंय ते इंजेक्शन पुरुष संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, बंद पाडतं. प्रोस्टेटची पेशी मणक्यात बसली तरी तिची भूक तीच राहते, म्हणून कमरेत टोचलेलं औषध मणक्यात लागू पडतं. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं की हे संप्रेरक तोडलं की हाडांत पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरचे रुग्ण सुधारतात. त्याबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल मिळालं. बाबांचं दुखणं कमी झालं, त्याचं मूळ तिथे आहे.

लघवीचा त्रास का झाला नाही? प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या, मागच्या भागात सुरू होतो आणि लघवीची नळी जाते मधून. नळीवर दाब येत नाही, म्हणून काही जाणवत नाही. कंबरदुखी हीच पहिली खूण असलेले कितीतरी रुग्ण मी पाहिले. तेव्हा ‘आपण कसं ओळखलं नाही’ हा घोर मनातून काढून टाका. एकाहत्तरीच्या वेल्डरची कंबर दुखते म्हटल्यावर कुणीही आधी बामच शोधेल.

आणि आईंना सांगा, सुईने काहीही पसरलेलं नाही. कंबर दिवाळीपासून दुखत होती आणि सुई लागली मे महिन्यानंतर. मणक्यातले डाग त्याआधी कित्येक महिने, कदाचित काही वर्षं तिथे होते. सुईने फक्त त्याचं नाव कळलं. हे आईंना दोन-तीनदा सांगावं लागेल, कारण ती भीती आपल्याकडे घराघरांत आहे आणि त्यापायी लोक तपासणी टाळतात.

आता मणकाच का. तुम्ही कळव्याच्या पुलावरून रोज जात असाल. खाली खाडीचं पाणी ओहोटीला समुद्राकडे जातं आणि भरतीला उलटं आत येतं, त्याला एकच दिशा नाही. आपल्या हातापायांच्या शिरांत झडपा असतात, त्या रक्ताला मागे फिरू देत नाहीत. पण ओटीपोटापासून वर मणक्याभोवती शिरांचं जे जाळं आहे त्यात अशा झडपा नाहीत. खोकलो, शिंकलो, जोर लावला की पोटातला दाब वाढतो आणि ओटीपोटातलं रक्त भरतीच्या पाण्यासारखं मणक्याकडे वळतं. ऑस्कर बॅटसन नावाच्या अमेरिकी शरीररचनातज्ज्ञाने १९४० साली मृतदेहांच्या शिरांत रंग सोडून हा मार्ग दाखवला. आजही त्या जाळ्याला त्याचं नाव आहे. प्रोस्टेटमधून सुटलेली पेशी हृदय-फुप्फुसाचा वळसा न घेता मणक्यापर्यंत पोहोचू शकते, ती अशी.

पण वाट आहे म्हणून मुक्काम पडतोच असं नाही. लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनांच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रक्त तर प्लीहा या पोटातल्या अवयवालाही भरपूर मिळतं, पण गाठी यकृतात होत्या, प्लीहेत क्वचित. त्यांनी म्हटलं, बी सगळीकडे उडतं पण रुजतं आवडत्या जमिनीतच. ज्याच्या घरात कधी नाचणी-वरी पेरली गेली आहे त्याला हे समजवावं लागत नाही. प्रोस्टेटच्या बाबतीत ती आवडती जमीन म्हणजे हाड. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्रोस्टेट कॅन्सर असलेल्या १,५८९ पुरुषांचे शवविच्छेदन अहवाल तपासले होते. ज्यांच्यात रोग रक्तावाटे दूर गेला होता त्यांतल्या ९० टक्के जणांच्या हाडांत तो सापडला. फुप्फुसात ४६ टक्के, यकृतात २५.

ही जमीन एवढी का आवडते याचा शोध गेली तीसेक वर्षं जोरात चालू आहे, आणि मला स्वतःला यातला एक भाग फार विलक्षण वाटतो. हाडाच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी राहतात. त्यांच्यासाठी तिथे खास कोपरे असतात, आणि त्या कोपऱ्यांतून एक रासायनिक हाक सतत जात असते. ती ऐकून मूळ पेशी घरी परततात. प्रोस्टेटच्या काही कॅन्सरपेशींच्या अंगावर तीच हाक ऐकणारा कान असतो. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली उंदरांत दाखवलं की या पेशी मूळ पेशींच्याच खोल्यांत शिरतात आणि त्यांना बाहेर ढकलतात. चाळीत जुन्या भाडेकरूच्या खोलीत दुसऱ्याने कुलूप लावावं तसं. आणि तिथे शिरल्यावर त्या लगेच वाढतातच असं नाही. पुष्कळदा निजून राहतात, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं. न वाढणाऱ्या पेशीवर बरीचशी औषधं चालत नाहीत. म्हणूनच प्रोस्टेट काढून टाकल्यावर दहा वर्षांनी एखाद्याच्या मणक्यात रोग दिसतो. त्या का झोपतात आणि कशाने जाग्या होतात, यावर जगभर डोकी लागली आहेत. तुमच्या रुग्णालयाला रक्त हवंय ते अशाच एखाद्या प्रश्नासाठी असणार.

पेशी जागी झाली की काय होतं ते बाबांच्या भाषेत सांगता येईल. हाड दगडासारखं स्थिर वाटतं, पण प्रौढ माणसाचं साधारण दहा टक्के हाड दर वर्षी मोडून नव्याने बांधलं जातं. कुरतडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या, आणि बांधणाऱ्यांनी निरोप धाडल्याशिवाय कुरतडणाऱ्या कामाला लागत नाहीत. प्रोस्टेटची कॅन्सरपेशी या दोघींच्या मध्ये बसते आणि खोटे निरोप देते. हाड कुरतडलं की त्यात साठवलेले वाढीचे पदार्थ सुटतात. ते पिऊन कॅन्सरपेशी फोफावते, आणखी निरोप देते, आणखी हाड कुरतडलं जातं. हे रहाट फिरत राहतं.

त्यातही प्रोस्टेटची एक खोड आहे. बहुतेक कॅन्सर हाडाला भोकं पाडतात, हा हाड वाढवतो. एक्स-रेवर पांढरे, दाट डाग दिसतात आणि लोकांना वाटतं हाड मजबूत झालं. बाबांना विचारा: शिकाऊ मुलाने तड्यावर धातूचा ढेकूळ ओतला आणि जाणत्या हाताने एकसारखी बारीक रेघ ओढली, यात टिकणारा जोड कुठला? कॅन्सरभोवतीचं नवं हाड त्या ढेकळासारखं असतं. त्याचे धागे घाईत, वाटेल तसे विणलेले असतात, म्हणून ते दिसायला भरीव आणि भाराला कच्चं. सिलिंडर का नको, ते एकतीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस एका वाक्यात समजेल.

बोन स्कॅनमध्ये जे चमकतं तेही हेच नवं बांधकाम. शिरेत टोचलेलं किरणोत्सारी टेक्नेशियम हाड जिथे जोरात बांधलं जातंय तिथे जाऊन बसतं. ते कॅन्सरपेशीला चिकटत नाही. ही गोष्ट पुढे तुम्हाला उपयोगी पडेल. उपचार लागू पडून हाड भरून येऊ लागलं की पहिल्या काही महिन्यांच्या स्कॅनमध्ये डाग जास्त ठळक दिसू शकतात, कधी नवाही दिसतो. पीएसए खाली येतोय, दुखणं कमी आहे आणि तरी रिपोर्टात डाग वाढल्याचं लिहिलंय, असं झालं तर घरी बसून रडू नका, डॉक्टरांना विचारा. (देशभर असे किरणोत्सारी पदार्थ पुरवणारी बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी ही सरकारी संस्था तुमच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर, वाशीला आहे. मला त्याचा अभिमान वाटतो म्हणून सांगितलं.)

आता कॅल्शियम. दादाने गोळ्या बंद केल्या हे मला सिलिंडरइतकंच खटकलं, कारण त्याचा हेतू चांगला आहे आणि परिणाम उलटा. वर सांगितलं ते पुन्हा बघा: कॅन्सरला खत मिळतं ते हाड कुरतडल्यावर सुटणाऱ्या वाढीच्या पदार्थांचं. गोळीतल्या किंवा दुधातल्या कॅल्शियमचं नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर एका मर्यादेत घट्ट धरून ठेवतं, कारण त्यावर हृदयाचे ठोके चालतात. ताटातून आलं नाही तर शरीर ते हाडातून काढतं. म्हणजे गोळी बंद केल्याने कॅन्सर उपाशी राहत नाही, हाड मात्र आणखी पोखरतं.

त्यात बाबांच्या हाडांवर उपचाराचाही भार आहे. टेस्टोस्टेरॉन बंद झालं की हाडं विरळ होऊ लागतात, बाईला पाळी गेल्यावर होतात तशी, किंबहुना जास्त वेगाने. अबिराटेरोनबरोबर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची लहान गोळी असते, तीही हाड विरळ करते. औषधं चुकीची आहेत असं नाही, ती बाबांना जगवताहेत. पण या औषधांखाली हाडाला पहारा लागतो. याचा धडा संशोधनात फार महागात शिकावा लागला. रेडियम–२२३ म्हणून एक औषध आहे. हाड त्याला कॅल्शियम समजून आत घेतं आणि ते तिथल्या तिथे किरण सोडतं. २०१३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली होती. ते अबिराटेरोनसोबत दिलं तर अधिक गुण येईल म्हणून मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ साली आले: दोन्ही घेतलेल्या गटात २९ टक्के रुग्णांची हाडं मोडली, एकटं अबिराटेरोन घेतलेल्यांत ११ टक्के. नंतरच्या एका चाचणीत रेडियमसोबत हाड सांभाळणारी औषधं सक्तीची केल्यावर हाडं मोडण्याचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. बी कितीही मारा, जमीन सांभाळली नाही तर माणूस मोडतो.

म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांनी लिहिलं तेवढं पुन्हा सुरू करा. जास्तही नको, दोन-दोन ब्रँडच्या गोळ्या एकत्र नकोत. दूध, दही, नाचणी, तीळ, जे घरात चालतं ते चालू द्या. आणि पुढच्या भेटीत तीन गोष्टी विचारा. बाबांची हाडांची घनता मोजली आहे का? हाड सांभाळणारं औषध, झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब, त्यांना लागेल का आणि किती अंतराने? हा ‘किती अंतराने’ महत्त्वाचा आहे. हार्मोनचं इंजेक्शन चांगलं काम करत असताना हाडाचं औषध सहसा विरळ अंतराने देतात, इंजेक्शन निष्प्रभ झाल्यावर दर महिन्याला. उगाच जास्त दिल्याने फायदा होत नाही, जबड्याला अपाय होऊ शकतो. आणि तिसरं, मांडीच्या खुब्याजवळ किंवा मणक्यात एखादी जागा मोडायला आलेली आहे का? तशी असेल तर आधीच आधार देता येतो. एखादी जागा फारच दुखू लागली तर तिथे किरणोपचार होतो. वेदनेसाठी तो पुष्कळदा एकाच बैठकीत भागतो, रोज खेपा घालाव्या लागत नाहीत. हे लोकांना माहीत नसतं आणि खेपांच्या धास्तीने ते दुखणं सोसत राहतात.

आता जे लिहायचंय ते लिहिताना माझा हात अजून जड होतो. माझ्या मामांना हाच आजार होता, बाबांच्याच वयाचे होते. घरच्यांनी त्यांना ‘संधिवात’ सांगितलं होतं. मी डॉक्टर होते, मला खरं माहीत होतं, आणि मोठ्यांच्या शब्दापुढे मी गप्प राहिले. एका शनिवारी सकाळपासून त्यांचे पाय जड वाटत होते. जिना चढताना गुडघे वळत होते. संधिवातात असं व्हायचंच, असं समजून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सोमवारी सकाळी ते उठूच शकले नाहीत. मणक्यातल्या गाठीने मज्जारज्जू दाबला होता. किरणोपचाराने वेदना गेल्या, पाय परत आले नाहीत. पुढचे चौदा महिने ते खाटेवर होते. एकदा मला म्हणाले, ‘पोरी, कुणी सांगितलं असतं तर शनिवारीच बोललो असतो ना गं.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

म्हणून हे पाठ करा, आणि बाबांनाही पाठ करायला लावा: पाठीत नव्याने उठलेली, आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारी कळ, छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं, पाय जड होणं, तोल जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं. यातलं काहीही झालं तर उद्याची वाट बघायची नाही. रविवार असो, गणपती असोत, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं आणि ‘प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात आहे, पाय जड झालेत’ एवढं वाक्य आधी म्हणायचं. मग संपूर्ण मणक्याचा एमआरआय, स्टेरॉइड, किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया हे वेगाने होतं. उपचार सुरू होताना जो चालत असतो तो पुढेही बहुधा चालतो. आणि ही लक्षणं पहिल्यांदा कुणाला जाणवणार? तुम्हाला नाही, दादाला नाही, आईला नाही. ज्याच्या अंगात आहेत त्यालाच. त्यालाच आपण अंधारात ठेवलंय.

दादाचं म्हणणं मी टाकून देत नाही. खचण्याची भीती खरी आहे. पण तुमच्या बाबांना दर तीन महिन्यांनी इंजेक्शन मिळतंय, ते कुठल्या विभागात जातात ती पाटी ते वाचतात, रांगेत शेजारी बसलेल्यांशी बोलतात. झीज झालेल्याला असं कुणी नेत नाही हे त्यांना समजत नसेल का? माझा अनुभव असा की अशा घरात बहुधा रुग्णाला माहीत असतं, आणि घरच्यांना त्रास नको म्हणून तोही न कळल्यासारखं करतो. दोन्ही बाजू एकमेकांना जपत एकट्या पडतात.

काय बोलू, असं विचारलंत. दादाला आधी हे पत्र वाचायला द्या. मग बाबांना विचारा, ‘बाबा, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतं? किती सांगू?’ ते ‘नको’ म्हणाले तर थांबा, तोही त्यांचा हक्क आहे. ‘सांग’ म्हणाले तर त्यांच्या भाषेत सांगा: प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हाडात शिरलाय, मुळापासून जाणार नाही, पण दाबून ठेवणारी औषधं चांगली आहेत आणि तुम्हाला लागू पडताहेत. तडा, ढेकूळ, कच्चा जोड, हे सगळं त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. किती दिवस, असं विचारतील. कुणालाच एका माणसाचे दिवस मोजता येत नाहीत, पण खोटी आशा नको आणि खोटी निराशाही नको म्हणून एक आकडा तुम्हाला माहीत असू द्या. बाबांसारख्याच, निदानाच्या वेळीच हाडांत पसरलेल्या आणि जोखमीच्या १,१९९ रुग्णांच्या चाचणीत निव्वळ हार्मोनची इंजेक्शनं घेणाऱ्यांतले निम्मे साडेछत्तीस महिन्यांहून जास्त जगले. अबिराटेरोनही घेणाऱ्यांत तोच आकडा त्रेपन्न महिन्यांवर गेला. ज्यांना हे औषध मिळालं त्यांतल्या निम्म्यांनी चार वर्षं ओलांडून पुढे मजल मारली. आणि पुढे रोगाने डोकं वर काढलं तर आणखी उपाय आहेत: केमो, प्रोस्टेटच्या पेशीला नेमकं शोधून किरण सोडणारं ल्युटेशियम, काही जनुकीय दोष असतील तर त्यासाठीच्या गोळ्या.

जनुकांचा विषय निघालाच आहे तर, बाबांची बीआरसीए या जनुकांची तपासणी करायची का हे डॉक्टरांना जरूर विचारा. पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये ती सुचवली जाते. दोष निघाला तर औषधाची एक वाट उघडते, आणि तो तुमच्याकडे किंवा दादाकडे आलाय का हेही पाहता येतं. तुमच्यासाठी त्याचा अर्थ स्तन आणि अंडाशयाची तपासणी असा आहे. तो निघो न निघो, दादाने पंचेचाळिशी आली की पीएसएबद्दल डॉक्टरांशी बोलावं. वडिलांना हा आजार असलेल्या मुलाची जोखीम इतरांच्या साधारण दुप्पट असते.

राहिला अभ्यासात भाग घेण्याचा प्रश्न. ‘उंदीर’ हा शब्द दादाने वापरला, पण अडचण नेमकी उलटी आहे: या आजारात उंदीर पुरे पडत नाहीत. त्यांचा प्रोस्टेट कॅन्सर आपणहून हाडात जवळजवळ जात नाही. म्हणून माणसाच्याच पेशी लागतात. जगभरच्या प्रयोगशाळांत पीसी–३ नावाच्या पेशी वाढवतात. त्या एका ६२ वर्षांच्या पुरुषाच्या मणक्यातल्या गाठीतून १९७०च्या दशकात घेतल्या होत्या. तो माणूस कधीच गेला. त्याच्या मणक्याने चाळीस-पन्नास वर्षं संशोधकांना शिकवलं. पण त्या पेशी उंदराच्या हाडात सोडल्या की भोकं पाडतात, बाबांच्या हाडासारखं दाट बांधकाम करत नाहीत. एका माणसाचं हाड म्हणजे सगळ्यांचं हाड नव्हे. आपल्याकडच्या रुग्णांचे नमुने तर जगाच्या साठ्यात फारच थोडे आहेत. हाडातून काढलेला तुकडा आम्ही आम्लात मऊ करतो, त्यात जनुकं खराब होतात. म्हणून संशोधकांना रक्त आणि प्रोस्टेटचा उरलेला तुकडा सोन्यासारखा वाटतो.

तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे थोडं जादा रक्त आणि उरलेला तुकडा एवढंच असेल तर बाबांच्या उपचारात काही बदलणार नाही, धोका सुईच्या टोचण्याइतका. त्यांना स्वतःला फायदाही बहुधा होणार नाही, हे स्पष्ट समजून घ्या. उद्या नव्या औषधाची चाचणी कुणी सुचवली तर ती वेगळी गोष्ट. तेव्हा नीतिसमितीची मान्यता आणि भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतला क्रमांक मागा, केव्हाही बाहेर पडता येईल का ते विचारा, अपाय झाला तर खर्च कुणाचा ते मराठीत लिहून घ्या. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक आहे, तिथे कॅन्सरवर संशोधन आणि उपचार दोन्ही चालतं. दुसरं मत हवं असेल तर ठाण्याहून पनवेलची गाडी तुम्हाला थेट खारघरला सोडते.

पण संमतीच्या कागदावर सही कुणाची लागणार? दादाची चालत नाही, तुमची चालत नाही. बाबांची लागते, आणि त्या कागदावर पहिल्याच ओळीत आजाराचं नाव लिहिलेलं असतं. तेव्हा रुग्णालयाला कळवा की दोन आठवडे द्या, आधी आम्हाला घरी बोलायचंय. त्या दोन आठवड्यांत बाबांना दातांच्या डॉक्टरकडेही नेऊन आणा. हाडाचं औषध सुरू होण्याआधी किडका दात काढून घ्यावा लागतो, नंतर जबड्याची जखम सहजी भरत नाही. दवाखान्यात बसल्यावर ते विचारतीलच, ‘हाडाच्या झिजेला दात कशाला दाखवायचे?’ तिथूनच सुरू करा.

तुमची,
डॉक्टरताई